यादीतलं शेवटचं नाव

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये चपला घालून जायची बंदी होती. धुळीने डिस्क खराब होते म्हणे. आता सातपूरच्या कारखान्यात धूळ नाही अशी जागा कुठली शोधणार, पण नियम म्हणजे नियम. दाराबाहेर एक लाकडी फळी होती, तिच्यावर चपला काढायच्या आणि गार फरशीवर अनवाणी आत जायचं. एसी अख्ख्या कारखान्यात दोनच ठिकाणी, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आणि आमच्याकडे. तिथे तो साहेबांसाठी होता, आमच्याकडे यंत्रासाठी. मी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि शॉपमधली, म्हणजे मशीनवरची माणसं हसायची.

मी लागले तेव्हा फळीवर चार जोड असायचे. सरांच्या काळ्या सँडल, दोन ऑपरेटरांच्या चपला आणि माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी वर्षं मला त्या फळीवरूनच आठवतात.

मी काही शिकून तिथे गेले नव्हते. आमचे हे त्याच कारखान्यात फिटर होते. ते गेले, आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मूलबाळ नव्हतं. टायपिंगची परीक्षा झालेली, एवढीच माझी पुंजी. म्हणून मला हजेरीचे आकडे यंत्रात भरायला बसवलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लोक कॉम्प्युटर बघायला काचेला नाक लावून उभे राहायचे, आणि आत काय चालतं म्हणाल तर मी टक टक आकडे भरते आहे.

प्रोग्राम लिहायचे ते सर. कोबोलमध्ये. ही यंत्राला कामं सांगायची भाषा, पण वाचायला इंग्रजीसारखी. उघड, वाच, मिळव, लिही, बंद कर. सगळ्या आज्ञाच. दुपारच्या सुट्टीत ऑपरेटर कॅन्टीनला जायचे, मी डबा खाऊन सरांची लिस्टिंग उघडायची. लिस्टिंग म्हणजे प्रोग्रामची छापील प्रत, दोन्ही बाजूंना भोकं असलेला लांबच लांब जोडकागद. मांडीवर डिक्शनरी. पहिलं वर्ष तर मला वाटायचं की ही कुठल्यातरी फार शिस्तीच्या माणसाची पत्रं आहेत. तशीच होती म्हणा.

सर बोलायचे कमी. मी लिस्टिंग वाचते हे त्यांना कळलं तेव्हा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अहो बाई, वाचायचंच असेल तर शेवटपासून वाचा. फाइल बंद कशी केलीय त्यावरून माणूस कळतो." त्यांची रीत अशी, की जितक्या फाइली लागणार तितक्या सुरुवातीला एकाच जागी उघडायच्या आणि शेवटी एकाच जागी बंद करायच्या. मध्येच कुठे उघडझाप नाही. जुन्या फाइलीत भर घालायची असताना ती चुकून नवी म्हणून उघडली तर आतलं होतं नव्हतं ते पुसून जातं, म्हणून उघडण्याची ओळ ते तीनदा वाचायचे. तीनदा, मी मोजलेलं आहे.

दुसरी रीत फुलस्टॉपची. कोबोलमध्ये वाक्य संपलं हे यंत्राला फुलस्टॉपवरून कळतं. काही लोक प्रत्येक ओळीला फुलस्टॉप देतात. सर एका पॅराला एकच द्यायचे, सगळ्यात शेवटी, आणि तोही स्वतंत्र ओळीवर, एकटा. मी एकदा विचारलं, असं का. म्हणाले, "कमी ठिकाणी ठेवला की शोधावा कमी लागतो." मला ते इतकं आवडलं की मीही तसंच लिहायला लागले. हो, लिहायला लागले. चार-पाच वर्षांत लहानसहान प्रोग्राम माझेच असायचे, आणि सर रिटायर होऊन पुण्याला मुलाकडे गेले तेव्हा सगळेच माझे झाले.

मग दर खात्यात टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर आले, दोन्ही ऑपरेटर तिकडे गेले. आमचं जुनं यंत्र हजेरीपुरतं उरलं आणि त्याच्यासोबत मी उरले. फळीवर माझी एक जोडी. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असेन मी. त्यातली निम्मी फोनवर, "हो, झालंय", "पाठवते" असली. घरी गेलं की रेडिओ लावायचा, म्हणजे खोलीत कुणी बोलतंय असं वाटतं. एसीच्या आवाजाची इतकी सवय झालेली की घरची शांतता कानात दुखायची.

पण सकाळी फळीवर दुसरी जोडी असायची, ते सांगायचं राहिलं. कॅन्टीनमधली एक बाई आमची रूम झाडायला यायची आणि अकरा वाजता चहा आणायची. सिन्नरच्या बाजूची, माझ्याच वयाची. नवरा सोडून गेलेला, एक मुलगी शाळेत. टेंपररीवर होती. चहा रूममध्ये न्यायला बंदी, म्हणून मी उंबऱ्याच्या आत आणि ती बाहेर, अशा आम्ही उकिडव्या बसायचो. ती किटलीतून दोन कप ओतायची आणि बोलत सुटायची. कॅन्टीनच्या आचाऱ्याची नक्कल, मुलीच्या बाईंची नक्कल, माझी नक्कल माझ्यासमोर. "ताई, तुमी त्या पेटीसंगं बोलता का वो दिवसभर?" मी म्हणायची, बोलते. "मंग ती काय म्हनती?" मी म्हणायची, ती म्हणते तुझा चहा पाणचट आहे. आमचे जुने जोडकागद ती मुलीच्या वह्यांना कव्हर घालायला न्यायची. त्या पंधरा मिनिटांवर माझा दिवस चालायचा, हे मला तेव्हा एवढं कळत नव्हतं.

आता यादीचं सांगते. टेंपररी माणसांचे हजेरीचे ठराविक दिवस भरले की त्यांची नावं परमनंट करण्यासाठी वर जायची. वर्षातून दोनदा ही यादी निघायची, आणि ती माझ्याकडून निघायची. प्रोग्राम सरांचा होता. तो कसा चालायचा ते समजलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हजेरीची फाइल कामगारांच्या टोकन नंबराप्रमाणे लावलेली, जो आधी लागला त्याचा नंबर आधी. एकेका टोकनच्या महिन्या-महिन्याच्या नोंदी एकाखाली एक. प्रोग्राम एक एक नोंद वाचत, दिवस मिळवत जायचा. पुढच्या माणसाचं टोकन आलं की त्याला समजायचं, मागच्याचं संपलं. मग तो मागच्याचे दिवस बघायचा आणि भरले असतील तर त्याचं नाव यादीत लिहायचा. म्हणजे काय, तर प्रत्येकाचं नाव त्याच्या मागून दुसरा कुणी आला की लिहिलं जायचं. आणि शेवटचा जो असेल, त्याच्या मागून कुणी येतच नाही. फाइल संपते. म्हणून त्या शेवटच्यासाठी एक वेगळा पॅरा लिहावा लागतो. सरांनी लिहिलेला होता, तीन ओळींचा.

कॅन्टीनमधली ही बाई सगळ्यात शेवटी लागलेली. शेवटचं टोकन तिचं.

त्या वर्षी पर्सोनेलच्या साहेबांचा फोन आला, की यादीची पानं मिसळतात, प्रत्येक पानावर मथळा आणि पान नंबर हवा. साधं काम. पान भरलं असेल तर नवा मथळा छाप, अशी ओळ मी प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी घातली. एक मधे, एक त्या शेवटच्या पॅरात. दोनदा वाचलं, रन दिला, यादी निघाली.

यादी निघायची आहे हे तिला माहीत होतं. अकराच्या चहाला आली ती पदराला हात पुसत. "ताई, माझं नाव हाय का बघा की."

मी पान चाळलं. नव्हतं. पुन्हा बघितलं. नव्हतं.

"दिवस कमी भरले असतील गं," मी म्हटलं.

"कसे कमी? म्या एक खाडा नाय केला. पोरीला ताप व्हता तवाबी आले." मग तिने सांगितलं की ती मोजत आली होती. कॅन्टीनच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण रोज कामावर आलं की भाजीतल्या हळदीचं बोट ती त्या तारखेवर टेकवायची. महिना संपला की पान फाडून घरी न्यायची. ठिपके तिने मुलीकडून मोजून घेतले होते, दोनदा.

आणि मी तिला काय म्हटलं ते ऐका. मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही गं. मोजण्यात चुकली असशील."

ती बरं म्हणाली. कप उचलून गेली. दुसऱ्या दिवशी चहा आला, पण नक्कल आली नाही. मला वाटलं, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. यादीवर मोठ्या साहेबांची सही झाली, त्यातल्यांना बोलावणी गेली, मिठाई वाटली गेली. तिने माझ्या टेबलासाठी म्हणून त्यातला एक पेढा आणून दिला, दुसऱ्या कुणाचा.

पुढच्या महिन्यात शॉप झाडायला एक नवी बाई टेंपररीवर लागली. महिनाअखेरीस मी सवयीने प्रोग्राम चालवून बघितला, आणि यादीत तिचं नाव. माझ्या मैत्रिणीचं. मला इतका आनंद झाला. म्हटलं, भरले बाई दिवस एकदाचे. नावासमोर दिवसांचा आकडा छापलेला असायचा, तो मी दोनदा वाचला. तेवढे दिवस आदल्या यादीच्या आधीच भरलेले होते, वर आणखी कितीतरी उरत होते.

तिच्या मागून नवी बाई आली, म्हणून ती दिसली. एवढंच झालं होतं.

लिस्टिंग काढली आणि फरशीवर पसरली. टेबलावर मावत नाही ती. स्वेटर काढून ठेवला, घाम आला होता त्या एसीत. शेवटून वाचा म्हणाले होते सर, तशी शेवटून वाचत आले. सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेवटच्या पॅरात मी ओळ घातली होती, पान भरलं असेल तर मथळा छाप. त्याखाली सरांची ओळ, शेवटचं नाव लिही. आणि एका पॅराला एकच फुलस्टॉप द्यायचा, म्हणून माझ्या ओळीच्या शेवटी मी तो दिलाच नव्हता. यंत्राने दोन्ही ओळी एकात धरल्या. पान भरलं असेल तर मथळा छाप आणि शेवटचं नाव लिही. पान भरलेलं नव्हतं. नाव लिहिलं नाही. मधली ओळ पॅराच्या अगदी शेवटी पडली होती, तिच्यामागे लगेच सरांचा फुलस्टॉप होता, म्हणून बाकीची नावं निघाली.

सरांच्या सगळ्या लिस्टिंग मी मग पुन्हा बघितल्या. जिथे जिथे 'असेल तर' आलं आहे, तिथे ती अट त्यांनी स्वतंत्र पॅरात नेऊन ठेवली होती. एकूण एक ठिकाणी. मगच तो एकुलता फुलस्टॉप त्यांना परवडत होता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं वाचूनही बघितलं नव्हतं. मला फक्त ते ओळीवर एकटं उभं असलेलं टिंब दिसलं होतं. नंतरच्या कोबोलमध्ये अट संपल्याची खूण द्यायला वेगळा शब्द आला म्हणतात. आमच्या यंत्रात तो नव्हता.

कुणाला कळलं नसतं. हे लिहायला पाहिजे. सहा महिन्यांनी पुढची यादी निघाली असती, तिचं नाव आलं असतं, ती खूश झाली असती, मला पेढा मिळाला असता. तो दिवस आणि ती रात्र मी हाच विचार केला. सकाळी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाले, "मॅडम, हे मला सांगायलाच हवं होतं का?" यादीवर सही झालेली, आता पुन्हा कागद फिरवायचा म्हणजे चूक कुणाची ते लिहावं लागणार. मी म्हटलं, लिहून देते. तिथेच बसून दिलं. त्याचा मला मेमो मिळाला, तो अजून आहे कुठेतरी.

तिला सांगणं मात्र साहेबांना सांगण्याइतकं सोपं नव्हतं. अकरा वाजले, ती आली, कप ठेवले.

"तुझे ठिपके बरोबर होते," मी म्हटलं. "तू चुकली नव्हतीस. मी चुकले."

"तुमी?"

"मी. प्रोग्राम माझ्या हातून चुकला."

ती किटली धरून बसली. मग हळूच म्हणाली, "म्या ती पानं बंबात घातली ना ताई. समदी. मला वाटलं, मलाच मोजता येत नाय."

मला वाटलेलं, ती भांडेल, निदान आचाऱ्याला करते तसा माझा उद्धार करेल. मी तयारी करून बसले होते.

किटली खाली ठेवून ती म्हणाली, "दावा मला कुठं चुकलं त्ये."

तिला आत बोलावलं. फरशीवर लिस्टिंग पसरलेलीच होती. दोघी गुडघ्यावर बसलो. मी पेन्सिलीने दाखवलं, इथे, या ओळीच्या शेवटी एक फुलस्टॉप हवा होता.

"ठिपका?"

"ठिपका."

"येवढासाच?"

"एवढासाच."

ती वाकून बघत राहिली. "मंग माझ्याकडून मागायचा व्हता की," ती म्हणाली. "म्या वरीसभर रोज टेकवत व्हते." आणि बोट ठेवलं तिने कागदावर. भाजी टाकून तशीच आली होती, बोट ओलं पिवळं होतं. मग स्वतःच हसली, आणि मला रडू यायला लागलं तसं म्हणाली, "गप बसा, पेटी भिजंल."

कागद फिरला. दोन महिने लागले. ती परमनंट झाली, तिच्याबरोबरच्यांच्या मागून, पण झाली. तोवर आमच्या कॅन्टीनच्या जागा भरल्या होत्या, म्हणून तिला अंबडच्या नव्या युनिटच्या कॅन्टीनला टाकलं. सकाळच्या पाळीला इथून पोचायचं नाही, तेव्हा खोलीही तिकडेच घेतली. वेळेवर नाव गेलं असतं तर इथेच राहिली असती ती. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. जाताना जुन्या जोडकागदाचा एक गठ्ठा मागून नेला, मुलगी आता वरच्या वर्गात गेली, वह्या वाढल्या म्हणाली.

नव्या बाईने चहा आणायला सुरुवात केली. ती कप फळीवर ठेवून जायची. मी उंबऱ्यात बसून प्यायची, आणि मग काही दिवसांनी उभ्यानेच.

एकदा रजा टाकून मी अंबडला गेले. दोन बस बदलून. तिने मला टेबल-खुर्चीवर बसवलं, काचेच्या ग्लासात चहा दिला, वर शेव दिली. कंपनीची साडी, अंगाने भरलेली, चार जणी हाताखाली. समोर बसली, पण पाळी सुटायची वेळ होती, तिचं निम्मं लक्ष काउंटरकडे. आमच्या दोघींमध्ये टेबल होतं. उंबरा असताना असं अवघड वाटायचं नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते मी बघितलं. कोरं. तिला माझी नजर कळली. "आता कशापायी, ताई," ती म्हणाली. "आता काय मोजायचं?" आणि शिटी झाली, लोक आत आले, ती उठली. मी ग्लास धुवायच्या जागी ठेवून आले. नंतर दोन-तीन संक्रांतींना तिळगूळ आला कुणाच्या तरी हाती, मग नाही आला. तिची चूक नाही. मीही पुन्हा गेले नाही.

दोन हजारनंतर पाच-सहा वर्षांनी तयार सॉफ्टवेअर आलं आणि आमचं यंत्र बंद केलं. बंद करायला मलाच सांगितलं. सरांनी शिकवल्याप्रमाणे उघडी फाइल कुठली राहिली नाही ना ते तपासलं, तीनदा, आणि स्विच पाडला. एसीही थांबला. त्या रूममध्ये आता मीटिंगा होतात म्हणे, आणि लोक बूट घालून आत जातात. फळी कुणी नेली ठाऊक नाही.

लिस्टिंग रद्दीत जाणार होत्या, त्यातली ती एक मी घरी आणली. तिचं बोट जिथे पडलं होतं तो डाग अजून आहे. तिला दाखवलेल्या ओळीवर नाही तो, जरा वरच्या ओळीवर आहे, तिथे काही गरज नव्हती. हळद उन्हात उडते. म्हणून कागद ट्रंकेत तळाशी ठेवला आहे, आणि कधी काढलाच तर खिडकीपासून लांब बसून बघते.